चेक इंजिन आणि ट्रॅक्शनचा दिवा एकदम लागला, त्यानंतरचं सगळं

पी ०१७१, पी ०१७४, पी ०३००, पी ०३०४. हे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड, सर्व्हिस सेंटरनं दिलेल्या कागदावरचे. त्याखाली वेगळ्या चौकटीत ब्रेकच्या कंट्रोल युनिटमधून आलेले दोन कोड: एक इंजिनकडून येणाऱ्या सिग्नलबद्दल, दुसरा डाव्या मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरबद्दल. आणि सगळ्याच्या खाली दुरुस्तीचा अंदाज, दोन लाख चौदा हजार रुपये.

हा कागद हातात पडला तेव्हा मराठीत कुणी हे सगळं क्रमानं लिहून ठेवलंय का ते मी शोधलं. फारसं सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय. गाडी माझी आहे, सेकंडहँड घेतलेली, २०१५ चं मॉडेल. दोन दारांची कूपे, व्ही-सिक्स पेट्रोल (म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंना तीन-तीन सिलिंडर), ताकद मागच्या चाकांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यातलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या अशा गाडीला लागू पडेल. मी मेकॅनिक नाही, एका ऑफिसात अकाउंट्स बघते. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना गाड्यांमधलं फार कळत नाही, पण वायरीतला फॉल्ट कसा शोधायचा हे त्यांच्याइतकं चांगलं कळणारा माणूस मी पाहिलेला नाही.

२९ जून, रविवार. ताम्हिणीहून परत येत होतो. घाटात गाडी छान चालली. भूगावच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन थरथरायला लागलं. आधी वाटलं एसीमुळे असेल. मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला, आणि लगेच घसरत्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शनचा, म्हणजे चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जेमतेम पुढे सरकत होती.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चेक इंजिनचा दिवा स्थिर लागला असेल तर हळूहळू गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर जाऊ नका. त्याचा अर्थ मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) इतका आहे की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय, ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. त्याची किंमत खूप मोठी असते. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि विम्यासोबत आलेल्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला.

फोनवर सांगताना "फ्लॅटबेड पाठवा, गाडी खाली बसकी आहे, मागच्या चाकांची आहे" हे तीनदा सांगा. तरी पहिल्यांदा टोचन करायची हुक लावलेली क्रेनच आली. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ऑटोमॅटिक गाडी ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं, म्हणून तिला परत पाठवलं. दुसरी गाडी यायला अडीच तास गेले. चढवताना पुढचा बंपर घासू नये म्हणून ड्रायव्हरकडे लाकडी फळ्या होत्या. नसतील तर चढवू देऊ नका. ओढायची कडी गाडीच्या टूलकिटमध्ये असते आणि ती बंपरवरचं छोटं झाकण काढून फिरवून बसवायची असते, हे मला त्या ड्रायव्हरनंच दाखवलं. चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले. हे सगळं विम्यात होतं, पैसे लागले नाहीत.

अधिकृत सर्व्हिस सेंटरची अपॉइंटमेंट ३ जुलैची मिळाली. गाडी देताना बाबांच्या सांगण्यावरून जॉब कार्डवर एक ओळ लिहून घेतली: "कोड वाचावेत, पुसू नयेत." काउंटरवरच्या मुलानं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण लिहिलं. या एका ओळीमुळे पुढे काय शाबूत राहिलं ते सांगतेच.

५ जुलैला कागद मिळाला, वर लिहिलाय तो. उपाय: सहाही इग्निशन कॉइल (प्लगना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), सहा प्लग, दोन ऑक्सिजन सेन्सर आणि एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक दाबले तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, हायड्रॉलिक युनिट. पार्ट्स यायला तीन आठवडे. स्कॅनिंगचे चार हजार एकशे तीस रुपये जीएसटीसकट. काम तिथेच केलं तर ते बिलात वळते होणार होते.

मी विचारलं, "कॉइल खराब आहेत हे कशावरून?"

"मॅडम, मिसफायरचा कोड आलाय ना."

"आणि एबीएस युनिट?"

"त्याचाही कोड आलाय."

त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला दिवसाला डझनभर गाड्या मोकळ्या करायच्या असतात. पण कोड म्हणजे कुठला पार्ट बदलायचा त्याची चिठ्ठी नव्हे. कुठल्या मोजमापात गडबड दिसली एवढंच तो सांगतो. पी ०१७१ म्हणजे इंजिनाच्या एका बाजूला हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. पी ०१७४ म्हणजे तेच दुसऱ्या बाजूला. पी ०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०३०४ म्हणजे चौथ्यात. हवा जास्त का, पेट्रोल कमी का, ठिणगी पडली नाही की मिश्रणच पेटण्यासारखं नव्हतं, यातलं काहीही कोडमध्ये नसतं.

कोड वाचायची पद्धत सोपी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-सस्पेन्शन-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे युनिटांमधला आपसातला संवाद तुटला. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरचा आकडा विभाग सांगतो: एक म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, चार म्हणजे एमिशन. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ही भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे बिघाड नोंदवायची हीच पद्धत, एप्रिल २०१३ पासून आलं. म्हणजे २०१५ ची गाडी ही भाषा बोलणारच होती.

दरम्यान विम्याच्या एजंटला फोन करून झाला. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड साध्या पॉलिसीत येत नाहीत. हे फोनवर ऐकून सोडू नका, ईमेलवर मागून घ्या; पुढे पाण्यामुळे नुकसान झाल्याचं निघालं तर तोच पत्रव्यवहार उपयोगी पडतो. ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याची सहा महिन्यांची वॉरंटी मे महिन्यातच संपली होती. खर्च सगळा आपलाच.

७ जुलैला स्कॅनिंगचे पैसे भरले, गेट पास घेतला आणि गाडी फ्लॅटबेडवर कोथरूडला घरी आणली. या वेळी पदरचे दोन हजार आठशे. सोसायटीच्या वॉचमननं, शेजाऱ्यांनी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी एकेक करून येऊन पाहून घेतलं. "स्पोर्ट्स कार ना? होणारच," असं आजोबा म्हणाले आणि समाधानानं परत गेले.

नऊशे रुपयांचा ब्लूटूथ ॲडॉप्टर घेतला. स्टिअरिंगखाली, डाव्या-उजव्या गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो, बाकी सगळं मोबाइलवर दिसतं. त्याच्या मर्यादा आधीच सांगते. इंजिनाचे कोड आणि लाइव्ह डेटा तो व्यवस्थित दाखवतो, पण ब्रेकच्या युनिटापर्यंत माझा पोचला नाही. तेवढ्यासाठी पुढे वेगळं यंत्र घ्यावं लागलं.

कोड पुसले नसल्यामुळे फ्रीझ फ्रेम जागेवर होती. कोड नोंदवला त्या क्षणी गाडी काय करत होती याची ती नोंद असते. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर ती छापलेलीच नव्हती. वेग शून्य. इंजिन ७८० आरपीएम. पाण्याचं तापमान ९४ अंश. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १९ टक्के. बाबांनी हे आकडे वहीत उतरवून घेतले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, गाडी उभी असताना बिघडतेय. पळताना नाही."

घाटात ती छान का चालली होती, त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

फ्युएल ट्रिमबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्या प्रकरणाची चावी त्यात होती. इंजिनात किती हवा शिरली ते एक सेन्सर मोजतो, त्या हिशेबानं पेट्रोल सोडलं जातं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर नंतर सांगतो की हिशेब बरोबर आला की नाही. कमी पडलं तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, जास्त झालं तर घटवतो. ही वाढ-घट म्हणजे ट्रिम. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, दहाच्या आत फार काळजी नसते. अधिक १९ म्हणजे इंजिन प्रत्येक घोटाला जवळजवळ पाचवा हिस्सा जादा पेट्रोल ओतून कशीबशी वेळ निभावत होतं.

मग आम्ही गाडी पार्किंगमध्ये गरम होईपर्यंत चालू ठेवली आणि लाइव्ह डेटा पाहिला. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, दोन्ही बाजूंना १९ आणि १८. मी ॲक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरलं. आकडे उतरत उतरत चारावर आले. सोडलं की परत वर.

बाबांचा तर्क असा होता. दोन्ही बाजूंची एकच तक्रार आहे, म्हणजे बिघाड दोन्ही बाजूंना सामायिक असलेल्या जागी. त्यामुळे एकेक कॉइल आणि एकेक सेन्सर यादीतून खाली गेले. पेट्रोल पंप कमजोर असता तर जास्त मागणीला, म्हणजे जास्त आरपीएमवर, त्रास वाढला असता. हवा मोजणारा सेन्सर मळला असता तरीही तसंच. इथे उलट होतंय. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन घेतं तेवढ्या थोड्या हवेत तिचा वाटा मोठा पडतो. इंजिन पळायला लागलं की एकूण हवा इतकी वाढते की गळतीची हवा त्यात नगण्य होते.

तरी कॉइलचा संशय मनातून जाईना, दोन लाखांचा कागद समोर होता ना. १२ जुलैच्या शनिवारी थंड इंजिनावर चौथ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला आणि दुसऱ्याची चौथ्याला लावली. कॉइलवर एकेक बोल्ट आणि एक क्लिप असते. क्लिपचं प्लॅस्टिक दहा वर्षांत ठिसूळ होतं, स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, बोटानंच दाबा. कॉइल खराब असती तर मिसफायर तिच्याबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला असता. आम्ही गाडी गरम केली आणि मिसफायरची मोजणी पाहत बसलो. चौथ्याचाच आकडा वाढत राहिला. चौथ्याचा प्लग काढून पाहिला तर टोक पांढुरकं होतं, कमी पेट्रोलवर जळणाऱ्या सिलिंडरचं असतं तसं. बाकी प्लग धडधाकट. सहा कॉइल आणि सहा प्लगांचे पैसे त्या दुपारी वाचले.

गळती नेमकी कुठे ते शोधायला काही लोक चालू इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. आरपीएम बदलला की जागा सापडली. बाबांनी हात धरला. गरम मॅनिफोल्डवर ज्वलनशील फवारा मारायचा नाही, आणि मीही तो सल्ला पुढे देते.

स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधायला तीन-चार ठिकाणी फोन करावे लागले. बऱ्याच जणांनी "आणा गाडी, बघू" असं सांगितलं. "बघू" म्हणजे नक्की काय, हे विचारल्यावर स्मोक मशीन आहे असं वारज्यातल्या एका छोट्या गॅरेजनं सांगितलं. १५ जुलैला सकाळी साडेसहाला, सिग्नलला उभं राहावं लागू नये म्हणून, गाडी तिथे नेली. दीड हजार रुपये. इनटेकचं, म्हणजे इंजिनाच्या हवा आत घेण्याच्या मार्गाचं, तोंड बंद करून अगदी हलक्या दाबानं आत धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्चनं पाहतात. तिथल्या मेकॅनिक दादांनी शटर अर्धं खाली ओढून अंधार केला. थोडा वेळ काही नाही. मग इंजिनाच्या मागच्या अंगाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूनं एक बारीक रेघ वर आली.

"मॅडम, आरसा द्या," दादा म्हणाले. डेंटिस्टकडे असतो तसला, जरा मोठा आरसा टेबलावर होता. "हे बघा. वरून एकदम चकाचक, खालून फाटलंय."

इंजिनाच्या खालच्या भागातली, म्हणजे क्रँककेसमधली, वाफ परत इनटेकमध्ये नेणारा रबरी होस. उष्णतेनं कडक होऊन वळणाच्या पोटाशी बोटाएवढी चीर गेली होती. चौथा सिलिंडर त्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून त्याचं नाव वेगळं आलं होतं.

आता होस. आधी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या पार्ट्ससाठी पुण्यात पहिलं पाऊल तिकडेच पडतं. जाड-बारीक सगळे होस मिळाले, पण हे दुहेरी वळण साच्यात घडवलेलं असतं, सरळ होस वाकवून बसवला तर तो चपटा होतो. शिवाय यातून तेलाची वाफ जाते. साधा पाण्याचा होस लावला तर काही महिन्यांत फुगतो आणि मऊ पडतो. एका दुकानदारानं स्वतःच सांगितलं, "ताई, याच्यासाठी ओरिजिनलच घ्या, मी देऊन उगाच बोलणी खाणार." असे दुकानदार आहेत म्हणून नाना पेठ आवडते.

१६ जुलैला कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर चेसिस नंबर दाखवून ऑर्डर दिली. ४,८६० रुपये पूर्ण आगाऊ, नऊ कामाचे दिवस. चेसिस नंबर दिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. एकाच मॉडेलला दोन वर्षांत दोन वेगळे होस असू शकतात. २६ जुलैला होस आला, २८ तारखेला दादांनी बसवला. इनटेक मॅनिफोल्ड अर्धवट उचलावं लागलं, त्याचे गॅस्केट धरून मजुरी बावीसशे.

कोड पुसले. गाडी गरम केली. आयडलवर दोन्ही ट्रिम दोन आणि तीन. चेक इंजिन गेला, आणि त्याबरोबर ट्रॅक्शनचा दिवाही गेला, ब्रेकमधल्या कशालाही हात न लावता.

याचं कारण कळलं की अर्धी भीती जाते. चाक घसरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल दोन गोष्टी करतो. त्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनाला ताकद कमी करायला सांगतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरनं मिसफायर नोंदवला की त्याला स्वतःच्याच ताकदीच्या हिशेबाचा भरवसा उरत नाही आणि तो तसं ब्रेकच्या युनिटला कळवतो. मग ते युनिट "मी हे काम करू शकत नाही" म्हणून दिवा लावतं. म्हणजे दोन्ही दिवे एकदम लागले तर आधी इंजिनाचं बघायचं. एबीएस युनिट बदलून तो दिवा गेला नसता.

इतकं सगळं नीट जुळलं होतं की मी सर्व्हिस सेंटरच्या कागदावरचा सहावा, डाव्या मागच्या चाकाच्या सेन्सरचा कोडही त्याच खात्यात टाकला होता. २९ जुलैच्या रात्री मोठा पाऊस झाला. सिंहगड रोडवर पाणी साचलं होतं, त्यातून येऊन घराजवळच्या स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली आणि ट्रॅक्शन आणि एबीएस हे दोन दिवे लागले. चेक इंजिन शांत होता.

त्यात पीयूसी ३१ जुलैला संपत होती. एबीएसचा दिवा लागला तरी साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. म्हणून पाऊस थांबल्यावर हळूहळू जवळच्या पीयूसी केंद्रावर गेले. १२५ रुपये. आयडलवर सीओ आणि हायड्रोकार्बन, मग २५०० च्या आसपास धरून लँबडा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण. बीएस-४ पेट्रोल गाडीला लँबडा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. माझा १.०० आला. डॅशबोर्डवर दोन दिवे चमकत होते आणि गाडी वर्षभरासाठी पास. ते मशीन फक्त धूर तपासतं. घरून दिसणाऱ्या वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था १९६६ पासून गाड्यांच्या कसल्या कसल्या चाचण्या घेत बसली आहे आणि खाली रस्त्यावर ही तऱ्हा, याची मला थोडी गंमत वाटली. एक अडचण मात्र आली. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर अजून जुन्या मालकाचा होता. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर नाव बदलताना परिवहन खात्याच्या नोंदीतला मोबाइलही बदलून घ्या. नाहीतर तुमच्या गाडीचे चलनाचे मेसेज दुसऱ्याला जातात आणि ओटीपीसाठी तुम्ही त्याला फोन करत बसता.

आता ब्रेकच्या युनिटात शिरायला यंत्र हवं होतं. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग अशा चारही ठिकाणी जाणारा हातातला स्कॅनर साडेअकरा हजारांना घेतला. महाग वाटला. पण एका स्कॅनिंगला चार हजार पडतात, या हिशेबानं घेतला. कोड एकच होता: डावं मागचं चाक, सिग्नल मधेच तुटतो.

३ ऑगस्टला रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर गेलो. मी चालवत होते, बाबा शेजारी गुडघे छातीशी घेऊन बसलेले, हातात स्कॅनर. चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी दिसतात. वीसच्या वेगानं जाताना तीन चाकं वीस, एकवीस, वीस. डावं मागचं वीस, वीस, शून्य, वीस. खड्ड्यावर नेमकं शून्य.

"सेन्सर मेला असता तर कायम शून्य आला असता," बाबा म्हणाले. "हा जोड आहे. नाहीतर वायर."

१० तारखेला गाडी जॅकवर घेतली आणि खाली स्टँड लावले. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातही घालू नका. आजकालचे सेन्सर अगदी हळू वेगही ओळखतात. चाक हातानं फिरवलं तरी स्क्रीनवर तीन-चार किलोमीटर दिसतात. उजवं फिरवलं, आकडा स्थिर. डावं मी फिरवत राहिले आणि बाबांनी सेन्सरपासून वरपर्यंत वायर इंच इंच हलवत नेली. सस्पेन्शनच्या ब्रॅकेटशी आल्यावर आकडा गेला. सोडलं, आला. दाबलं, गेला.

वरचं कनेक्टर उघडलं तर आत पाणी आणि पिनांवर हिरवा थर. साडेतीनशे रुपयांच्या कॉन्टॅक्ट क्लीनरनं पिना स्वच्छ केल्या, पण ब्रॅकेटपाशी वायर आतून तुटलेलीच होती, वरचं आवरण तेवढं शाबूत. या प्रकारच्या सेन्सरला मल्टिमीटर लावून ओहम मोजण्यात अर्थ नसतो. आत छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याचा आकडा काही सांगत नाही. सिग्नल पाहूनच ठरवावं लागतं.

मला वाटलं, आता बाबा सोल्डरिंगची पेटी काढणार. चाळीस वर्षं त्यांनी केबलचे जोडच तर केले. ते म्हणाले, "जोड मी असा करीन की दिसणार नाही. पण ही वायर चाकाबरोबर दिवसभर वर-खाली होते. ज्या जागी एकदा तुटली तिथेच जोड कडक होणार आणि शेजारी परत तुटणार. ब्रेकची वायर आहे. नवीन आण."

वायरीसकट सेन्सर सात हजार नऊशे. ११ ऑगस्टला ऑर्डर, २१ ला आला. गणपतीच्या आधी सगळ्यांना कोकणात जायचं असतं, गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, तरी दादांनी २२ ला संध्याकाळी आठशे रुपयांत बसवून दिला. जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता, तो काढताना तुटला, ते अपेक्षितच होतं. नवीन बसवताना बेअरिंगच्या बाजूची जागा नीट साफ करून घ्यायची, तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर अंतर चुकतं. कनेक्टरमध्ये पाणी आत येऊ न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून घेतलं.

काम झाल्यावर गाडी चालू केली तर दिवे तसेच. पोटात गोळा आला. दादा हसले. "ताई, चालवा तरी." बऱ्याच गाड्यांमध्ये युनिट चारही चाकांचे सिग्नल प्रत्यक्ष चालताना तपासून घेतं आणि मगच दिवा विझवतं. गल्लीच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत दोन्ही गेले. बॅटरी काढली असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सरही स्वतःची मधली जागा विसरू शकतो. तेव्हा काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं लागतं, काहींत स्कॅनरनं सेट करावं लागतं. मला ती वेळ आली नाही.

स्कॅनर धरून एकूण खर्च सदतीस हजारांच्या आत बसला. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा स्कॅनरचाच आहे आणि तो आता सोसायटीत सगळ्यांच्या गाड्यांना लावून झालाय, आजोबांच्या सेडानसकट. सर्व्हिस सेंटरला मी होसचा फोटो आणि ट्रिमचे आधी-नंतरचे आकडे ईमेलनं पाठवले, स्कॅनिंगचे पैसे पुढच्या सर्व्हिसमध्ये वळते करता येतील का असं विचारलं. "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं उत्तर आलंय.

उजव्या मागच्या चाकाचं कनेक्टरही बाबांनी उघडून पाहिलं. सिग्नल अजून ठीक आहे, पण पिनांवर हिरवट झाक तिथेही धरली आहे. त्या बाजूचाही सेन्सर मागवून ठेवलाय. काउंटरवर या वेळी बारा दिवस सांगितलेत.